चार दिवसांचं गणित

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरी विड्या वळते. मुलाला डेंग्यू झाला. २०२० मध्ये कोरोनात आमच्या बोळाला पत्रे मारले होते, तेव्हाच्या नजरा विसरले नाही. म्हणून तापाची चौकशी करायला आलेल्या बाईंना 'आमच्यात कुणाला ताप नाही' म्हणाले. चौथ्या दिवशी शेजारणीच्या मुलीलाही डेंग्यू निघाला. ती माझ्याशी बोलत नाही. मी लपवल्यामुळेच झालं का?

उत्तर : नाही, ताई. तुमच्या मुलाचा ताप त्या पोरीला लागलेला नाही. डेंग्यू शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं होत नाही. आजारी माणसाला चावलेल्या एडिस डासाच्या अंगात विषाणू तयार व्हायला साधारण ८ ते १२ दिवस जातात. नंतर तो ज्याला चावेल त्याला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. चार दिवसांत हे बसतच नाही. बहुधा दोन्ही पोरांना तुमच्या बोळातलेच डास आधी कधीतरी चावलेत.

तुमची भीती मला कळते. कोरोना श्वासातून पसरायचा. तेव्हापासून आपण प्रत्येक तापाला तेच माप लावतो, माणसापासून लांब पळतो आणि दारातलं पिंप उघडंच राहतं. नळाला रोज पाणी नाही, म्हणून भरून ठेवावंच लागतं आणि एडिसला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा. नुसतं ओतून देऊ नका, अंडी कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्महिने टिकतात. मग पिंपाच्या तोंडाला कापड घट्ट बांधा.

खोटं बोललात ते मात्र चुकलं. एक रुग्ण कळला की आजूबाजूच्या घरांतली भांडी तपासतात, अळ्या मारायचं औषध टाकतात. त्या मुलीचा ताप त्यानं टळला नसता, पण बोळातली बाकीची लेकरं अजून आहेत. उद्याच दवाखान्यात जाऊन खरं सांगा.

शेजारणीकडे आजच जा. आधी माफी मागा, मग पोरीचा ताप उतरला का विचारा. ताप उतरतानाचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात. पोट फार दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोर मलूल पडली, तर तडक दवाखाना. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका म्हणावं. तिला पोरीजवळ दवाखान्यात बसावं लागलं आणि त्याच दिवशी नळ आला, तर तिचं पाणी तुम्ही भरून ठेवा.