इथिओपियात शिकवायला जाताय? जेवणाची नको, घड्याळाची काळजी करा

तुम्ही विचारलंय की इथिओपियातल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवायची ऑफर आहे, पूर्ण शाकाहारी आहे, एकटीच जाणार, तर रोजचं जगणं जमेल का. मी ऑक्टोबर २०१२ पासून जवळजवळ तीन वर्षं बहिर दारला भौतिकशास्त्र शिकवत होते. टाना सरोवराच्या काठचं शहर, निळी नाईल तिथूनच निघते. मी मूळची चिंचवडची, तेव्हा माझीही पहिली काळजी तुमच्यासारखीच होती. एक अख्खी बॅग तूरडाळ, पोहे आणि गोडा मसाल्याने भरली होती. त्यातली अर्धी डाळ शेवटी शेजारणीला दिली.

कारण तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरआधी सलग ५५ दिवस. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. त्या दिवशी कुठल्याही खानावळीत 'बेयायनेतू' मागायचं. भल्यामोठ्या इंजेरावर मसूर, वाटाणाडाळ, कोबी, बीट, पालेभाज्या असे ढीग वाढून येतात. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची, जाळी पडलेली, एकाच बाजूने भाजलेली आंबोळी समजा, फक्त जास्त आंबट. ती टेफ नावाच्या धान्याची असते, दाणा नाचणीपेक्षाही बारीक. आणि 'शिरो' नावाला फसू नका, ते आपलं पिठलंच आहे, तिखट मसाल्याचं. एवढंच की इतर वारी 'यत्सोम' (उपासाचं) असं स्पष्ट सांगा, नाहीतर त्याच शिरोत लोणी किंवा मांसाचे तुकडे येतात.

खरी फजिती घड्याळाने केली. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्याच आठवड्यात विभागाची बैठक तीन वाजता आहे असा निरोप आला. मी दुपारी तीनला नीट साडी नेसून, वही घेऊन हजर. दाराला कुलूप. बैठक सकाळी नऊला उरकली होती. मग एका सहकाऱ्याने युक्ती सांगितली: घड्याळात काटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. नऊच्या समोर तीन, आठच्या समोर दोन. सोपं आहे, पण झोपेतून उठल्यावर नाही. आपल्या पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. माझी ही फजिती आजीला कळली असती तर तिने मलाच वेड्यात काढलं असतं. तेव्हा कोणीही वेळ सांगितली की 'तुमची की आमची?' एवढं विचाराच. विमानाच्या तिकिटावर मात्र आपलीच वेळ असते.

वर्षाचंही तेच. महिने तेरा, शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा, आणि नवं वर्ष ११ सप्टेंबरच्या सुमारास लागतं. पहिल्या तासाला मी फळ्यावर २०१२ लिहिलं, तर मागच्या बाकावरून फार अदबीने आवाज आला, "टीचर, त्याला अजून सात वर्षं आहेत." तिथे तेव्हा २००५ चालू होतं.

नावाचा घोळ सगळ्यांचाच होतो, आपल्या बायकांचा जरा जास्त. त्यांच्यात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. कारकुनाने माझं पूर्ण नाव त्याच हिशेबाने वाचलं, आणि पगारपत्रकावर नवरा माझा बाप झाला, सासरचं आडनाव आजोबा. दुरुस्तीला दोन महिने लागले. नवरा अजून चिडवतो.

वर्गात मुलं फार शांत. शिक्षण कागदोपत्री इंग्रजीतून, पण खेड्यातून आलेल्या मुलांना आपलं भरभर इंग्रजी झेपत नाही. हळू बोला, फळ्यावर भरपूर लिहा. मी एका मुलीला 'समजलं का?' विचारलं तर ती दचकल्यासारखा एकदम श्वास आत ओढायची. मला वाटायचं, मी रागावले की काय. तो त्यांचा 'हो' असतो. सहा महिन्यांनी फोनवर आईशी बोलताना मीही तसंच करायला लागले.

रिक्षाला तिथे 'बजाज' म्हणतात. निळ्या-पांढऱ्या, आपल्या आकुर्डीच्या कंपनीच्या. पहिल्या दिवशी रस्त्यात कोणीतरी 'बजाज! बजाज!' ओरडलं तेव्हा गळा दाटून आला, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी मात्र जड जातात. लाइट जाते, इंटरनेट रडतं. अशा वेळी शेजारी कॉफीला बोलावतील तर जा. कॉफी तुमच्यासमोर भाजतात, कुटतात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात, सोबत लाह्या. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. पहिल्या कपावर उठणं बरं दिसत नाही, तेव्हा तास-दीड तास हाताशी ठेवा. माझं तोडकंमोडकं अम्हारिक, म्हणजे तिथली भाषा, तिथेच झालं.

आता दोन रुक्ष गोष्टी. पगारातला किती भाग परकीय चलनात मिळणार आणि घरी कसा पाठवता येणार, हे करारात लिहून घ्या. जुलै २०२४ मध्ये सरकारने बिर, म्हणजे तिथलं चलन, बाजारावर सोडला आणि काही आठवड्यांत डॉलरचा भाव साधारण ५७ वरून शंभरापुढे गेला. बिरमधला पगार धरून घरचे हप्ते ठरवू नका. दुसरं म्हणजे विद्यापीठ कुठल्या प्रांतात आहे ते आधी बघा. बहिर दार ज्या अम्हारा प्रांतात आहे तिथे २०२३ च्या ऑगस्टपासून सैन्य आणि फानो सशस्त्र गटांत लढाई पेटली. मी आज तिथे एकटी गेले नसते. ऑफर अम्हारातली असेल तर भारतीय दूतावासाशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

बॅगेत प्रेशर कुकर ठेवा. १८०० मीटर उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात हरभरे शिजता शिजत नाहीत. आणि कुकरच्या दोन रिंगा जास्त न्या, मला तिथे एकही मिळाली नव्हती.