घुसखोराला आधी कोण ओळखेल?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा खर्डा दोनदा वाचला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी शहर वाचवणारी चार मुलं आता पस्तिशीला आली आहेत: एक लिफ्ट मेकॅनिक, एक रात्रपाळीची नर्स, एक शिक्षक, एक बँकेतला कॅशियर. चौघांच्याही शक्ती ओसरल्या आहेत आणि कुणीतरी न दिसणारा त्यांच्या रोजच्या जगण्यात शिरला आहे. ही कल्पना माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी तक्रार एकच आहे. त्यांची नोकरी म्हणजे त्यांना झालेली शिक्षा, असं तू धरून चालली आहेस. मेकॅनिकचे हात ग्रीसने माखलेले आणि आकाश दूर राहिलेलं, हे तू फार छान लिहिलंस; पण पहिल्या साठ पानांत ती एकदाही लिफ्ट दुरुस्त करत नाही. मग चौथ्या प्रकरणात घुसखोर येतो आणि एका क्षणात ती पुन्हा उडायला लागते. मधली वीस वर्षं काय वाया गेली? तिने इतकी वर्षं जे केलं, त्यातूनच तिला घुसखोराचा पत्ता लागला पाहिजे.

त्याच प्रकरणात दोर तुटतो, केबिन कोसळते आणि ती झेप घेऊन सावरते. हे लिफ्टवाला वाचणार नाही. लिफ्टला एक नाही, अनेक दोर असतात. शिवाय केबिन ठरलेल्या वेगापलीकडे खाली जाऊ लागली की सुरक्षा-ब्रेक बाजूच्या उभ्या रुळांना घट्ट पकडतो. एलिशा ओटिसने 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर दोर कापायला लावून, दोर तुटला तरी लिफ्ट कोसळत नाही, हे दाखवलं होतं.

याहून चांगला प्रसंग त्या यंत्रातच आहे. दोरांच्या दुसऱ्या टोकाला केबिनचा तोल सांभाळणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, असतं. त्याचं वजन साधारणपणे रिकामी केबिन अधिक क्षमतेच्या निम्मा भार इतकं ठेवतात. म्हणजे 8 माणसांच्या, 630 किलोच्या लिफ्टमध्ये काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा सुमारे 315 किलोने जड. म्हणूनच गिअरलेस लिफ्ट, म्हणजे जिची मोटर दोरांचं चाक थेट फिरवते ती, दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, वीज बंद केली आणि हाताने ब्रेक थोडा थोडा सोडला, की रिकामी केबिन वर सरकते. हे प्रत्येक मेकॅनिकच्या अंगवळणी पडलेलं असतं.

आता बघ. रात्री दोन वाजता लिफ्ट अडकल्याचा फोन येतो. कॅमेऱ्यात केबिन रिकामी दिसते. ती मशीन रूममध्ये जाते, वीज तोडते, ब्रेक सोडते. आणि केबिन खाली जाते.

तिला काहीही दिसलेलं नाही, पण आत तीनशे किलोंहून जड असं काहीतरी उभं आहे हे तिला कळलं. मला हे सुचलं तेव्हा खरंच शहारा आला. असं प्रकरण तू लिहू शकतेस, आणि त्यात उडण्याची गरजच पडत नाही.

नर्सचंही तसंच. श्वास मोजताना अनुभवी नर्स रुग्णाला ते सांगत नाही; नाडी पाहिल्यासारखं मनगट धरून ठेवते आणि नजर छातीवर ठेवते, कारण आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. प्रौढ माणूस शांत असताना मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. पहाटे तीनच्या पुढे, जेव्हा जागं राहणं सगळ्यात अवघड असतं, तेव्हा तिला एका रिकाम्या खाटेवरून श्वास ऐकू येतो. ती दचकत नाही. सवयीने मोजायला लागते. तिची ती सवय कुठल्याही जुन्या शक्तीपेक्षा मला मोठी वाटते.

शिक्षकाला हजेरी पुरेशी आहे. कॅशियर मला जास्तीचा वाटतो, काढून टाक.

हा विषय इतका का ओढतो, तेही सांगतो. बालनायक कॉमिक्समध्ये खूप जुने आहेत, पण त्यांना वाढू दिलं जात नसे. बॅटमॅनचा किशोर साथीदार रॉबिन 1940 मध्ये आला. 1964 मध्ये तो इतर किशोरवयीन साथीदारांबरोबर एका गोष्टीत एकत्र आला. पण ते नाव मागे टाकून नाइटविंग नावाचा स्वतंत्र नायक व्हायला त्याला 1984 उजाडावं लागलं. चव्वेचाळीस वर्षं! दर महिन्याला नवा अंक काढायचा तर पात्र तसंच ठेवणं सोयीचं असतं. कादंबरीला ती सक्ती नाही. 1962 मध्ये आलेल्या स्पायडरमॅनची गोष्ट मात्र तू पुन्हा बघ: तो मुलगा घरखर्चासाठी स्वतःचेच फोटो वर्तमानपत्राला विकतो. तिथे पोटापाण्याचा उद्योगच कथेला पुढे ढकलतो.

सुरुवातीचा खून तेवढा टाळ. जुन्या नायकाचा खून आणि सोबत्यांची शोधाशोध, ही वाट 1986 मध्ये वॉचमेन या कॉमिक्सने इतकी ठळक करून ठेवली आहे की तुझं पहिलं पान वाचताच वाचक तिकडे वळेल.

आता घुसखोर. तू त्याला जुना शत्रू केलंस, सूड दिलास. सूड पटकन सापडतो, म्हणूनच मला त्यावर भरवसा वाटत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात एका पाचव्या मुलाचा ओझरता उल्लेख आहे, ‘तो नंतर कधी भेटला नाही’ असा. तू त्याला तिथेच विसरलीस, मी नाही विसरू शकलो. चौघांची शक्ती गेली. त्याची गेलीच नसेल तर? अदृश्य होण्याची शक्ती वाढत गेली, शरीर जड होत गेलं, आणि त्याला कुठेही कामाला लागता आलं नाही. कुणी त्याला पगार दिला नाही, कुणी रजा मंजूर केली नाही, कुणी उशीर झाला म्हणून रागावलंही नाही. तो रात्री लिफ्टमध्ये उभा राहतो, कारण तिथे त्याच्या असण्याने निदान काहीतरी हलतं. वॉर्डात येऊन झोपतो, कारण तिथे कुणीतरी श्वास मोजतं.

असं केलंस तर शेवटची मारामारी गळून पडेल. पडू दे. चाळीस पानं कमी होतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

सगळा खर्डा आत्ता उघडू नकोस. फक्त वॉर्डातलं ते एक पान लिहून पाठव: मिनिट संपलं आहे, आकडा तिच्या मनात आहे, हातात पेन आहे, आणि समोर रिकाम्या खाटेचा कोरा तक्ता आहे. ती लिहिते की नाही, ते मला तुझ्याकडून वाचायचं आहे.

तुझा,
सर