बी.एड.चा ऑनलाइन कोर्स: व्हिडिओ नंतर, गुणांचा तक्ता आधी

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं डोळ्यांपुढे आलं. प्राचार्यांनी मूडल या ऑनलाइन कोर्सच्या प्रणालीवर सूक्ष्म अध्यापनाचा, म्हणजे छोट्या पाठातून शिकवण्याच्या एकेका कौशल्याच्या सरावाचा, कोर्स बांधायला सांगितलाय, जूनच्या आत हवाय, आणि तुम्ही विचारताय की व्याख्यानाचे व्हिडिओ चाळीस मिनिटांचे करावेत की वीस. मूडल कसं बसवायचं, क्विझ कशी करायची हे सांगत नाही, ते तुम्हाला येत असणार. व्हिडिओच्या लांबीवर तर आत्ता डोकं शिणवूच नका.

आधी परीक्षा विभागाकडून अंतर्गत गुणांचा तक्ता मागवा. लेखी मागवा. तो हातात आल्याशिवाय एकही विभाग उघडू नका.

कारण सांगतो. सूक्ष्म अध्यापनाचं चक्र तुम्हाला पाठच असेल: अध्यापन 6 मिनिटं, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) 6, पुनर्नियोजन 12, पुनर्अध्यापन 6, पुन्हा प्रत्याभरण 6. एकूण 36. सगळ्यात जास्त वेळ नियोजन सुधारायला दिलाय, तो उगीच नाही. पहिला पाठ फसणार हे या पद्धतीत गृहीतच आहे. मूडलच्या असाइनमेंटमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची सोय चालू केली की जुना प्रयत्नही जपून राहतो. म्हणजे फसलेला पाठ आणि सुधारलेला पाठ शेजारी ठेवून पाहता येतात. वर्गात आम्हाला हे कधीच जमलं नव्हतं, मी तर खूश होतो.

मग संबंधित कार्यालयाचा (नाव घेत नाही, अजून तिथेच कामं पडतात) निरोप आला: एका कौशल्याला एकच गुण, आणि तोही पहिल्या मुदतीत जमा झालेल्या पाठाचा. पुनर्अध्यापनाचा रकाना फॉर्ममध्ये नाही. पत्रं दिली, स्वतः जाऊन बसलो. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "आमच्या नमुन्यात बसत नाही." वर ऑनलाइन लिहिलेली निरीक्षणं विद्यार्थ्यांनी हाताने जर्नलमध्ये उतरवून सह्या घ्यायच्या, हेही आलंच. डिजिटल म्हणजे तेच काम दोनदा करायचं, असा काहींचा पक्का समज दिसतो!

छात्राध्यापक, म्हणजे आपले बी.एड.चे विद्यार्थी, हुशार असतात. पहिल्याच पाठाला गुण आहेत हे कळताच त्यांनी तो पाठ दहा वेळा शूट करायला सुरुवात केली. अडखळलेली वाक्यं कापली, मागे संगीत घातलं, एकीने तर नावांची पट्टीही टाकली. सज्जता प्रवर्तनाचा (धड्याची सुरुवात करून देण्याच्या कौशल्याचा) पाठ बघताना लग्नाचा व्हिडिओ पाहतोय असं वाटायचं. प्रश्न कौशल्याच्या पाठात विद्यार्थी चुकीचं उत्तर देतो आणि शिक्षक गोंधळतो, ती जागा आम्हाला बघायची होती. नेमकी तीच सगळ्यांनी कापली होती. चर्चा करायला काही उरलंच नाही, आणि अख्खं सत्र तसंच गेलं.

पुढच्या तुकडीला मी जे केलं ते तुम्हाला चालेलच असं नाही. नियम विद्यापीठागणिक बदलतात, आधी तुमची पत्रकं बघा. पहिला पाठ बिनगुणांचा ठेवला. जमा केला की नुसती पूर्णतेची खूण. अट एवढीच की चित्रीकरण सलग हवं, न कापता, मोबाईल वर्गाच्या मागच्या बाकावर, फळा आणि शिक्षक दोन्ही दिसतील असा. गुण दुसऱ्या पाठाला, आणि पहिल्यात काय का बदललं या टिपणाला. तक्त्यात शेवटी एकच आकडा जातो, त्यामुळे कार्यालयही गप्प.

मूडलमधलं 'वर्कशॉप' नक्की वापरा, त्यात विद्यार्थी एकमेकांचं काम तपासतात. त्यात मूळ सेटिंगला कामाचे 80 आणि दुसऱ्याच्या कामाच्या परीक्षणाचे 20 गुण असतात. शिक्षक होणाऱ्या माणसासाठी मी परीक्षणाचे गुण वाढवेन. दुसऱ्याचा पाठ बघून "छान होता" यापलीकडे एक वाक्य लिहिता येणं हे अर्धं बी.एड. आहे, निदान माझ्या मते.

सराव पाठाच्या व्हिडिओत शाळेतली मुलं दिसणार असतील तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी आधी घ्या. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाकलं की झालं, असं समजू नका. लिंक मिळालेला कोणीही तो बघतो. व्हिडिओ कोर्सच्या आतच ठेवा, आणि फाइलच्या आकाराची मर्यादा सर्व्हरवाल्याकडून आधीच वाढवून घ्या. मूडल ज्यावर चालतं त्या पीएचपीची मूळ मर्यादा 2 एमबी असते, त्यात सहा मिनिटांचा पाठ कुठून मावणार?

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे पण हमखास अडतं. कॉलेजातल्या जुन्या नोट्स श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. नाहीतर मूडलवर चिकटवल्या की नुसती खिचडी दिसते. रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच सगळं बिघडतं. विज्ञानवाल्यांना फेट (PhET) या संकेतस्थळावरची मराठी सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, द्या, फुकट आहेत.

तक्ता मिळाला की इथे टाका, रकाने बघून सांगतो काय बसेल ते. नाही मिळाला तर प्राचार्यांकडून पत्र पाठवा. तुमच्या-माझ्या सहीच्या पत्राला तिथे आवक क्रमांक पडतो, उत्तर येत नाही.