आईला आमवात आहे, डॉक्टरांनी गुडघ्याची सोनोग्राफी सांगितली आहे. त्यात कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) दिसते का, की एमआरआयच करावा?

दिसते, पण सगळी नाही. तरी आधी सोनोग्राफीच करा. मी सोलापुरात सोनोग्राफी करतो, आमवाताचे गुडघे नेहमी तपासायला येतात. गुडघा जमेल तितका दुमडायला सांगून वाटीच्या वरच्या बाजूला प्रोब (सोनोग्राफीचं हातात धरायचं यंत्र) आडवा धरला की मांडीच्या हाडावर कूर्चेचा काळा पट्टा दिसतो. निरोगी असेल तर दोन्ही कडा रेघ ओढल्यासारख्या स्वच्छ. झीज झाली की कडा पुसट होतात, काळेपणा मळकट होतो, पट्टा पातळ पडतो. शिवाय सांध्यात पाणी आहे का, अस्तर सुजलंय का, डॉप्लरवर तिथला रक्तप्रवाह वाढलाय का, हेही त्याच वेळी कळतं. आमवातात औषध कमी-जास्त करायला मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं. अडचण एवढीच की सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे वाटीमागची आणि नडगीच्या हाडावरची बरीच कूर्चा लपून राहते. गुडघा वाकत नसेल तर आणखी कमी दिसतं. विड्या वळणाऱ्या एका आजींचा निम्माही दुमडेना, तेव्हा पट्ट्याची जेमतेम कड हाती लागली. तो आतला भाग बघणं गरजेचं आहे असं डॉक्टर म्हणाले, तरच एमआरआय.