ग्रीक-हिब्रू शिकून पोट भरेल का?

प्रश्न: आम्ही वास्कोला राहतो, मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले). मुलगी मराठी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संडे स्कूलला शिकवते. वर्षभर यूट्यूबवर ग्रीक, म्हणजे बायबलातल्या नव्या कराराची मूळ भाषा, शिकतेय. परवा बायबल अभ्यासात तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या ओव्या (वचनं) मुळात नव्हत्याच, आपलं जुनं भाषांतर चुकीचं आहे. पाळकसाहेब गप्प झाले, माझी आई तिच्याशी बोलेनाशी झाली. आता ती म्हणते, पुण्याला बी.डी. (ईश्वरविज्ञानाची पदवी) करीन आणि मंडळीतल्या लोकांना ग्रीक आणि जुन्या कराराची हिब्रू शिकवीन. यात करिअर आहे का?

उत्तर:

नमस्कार दादा,

आधी पोटाचं बोलू. मंडळीतल्या लोकांना ग्रीक शिकवायचा पगार कुणी देत नाही. ते काम रविवारी उपासनेनंतर, चहा-बिस्किटांवर होतं. पगार आहे तो सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकवण्याला, त्यासाठी बी.डी.नंतर एम.टीएच. ही वरची पदवी लागते, आणि जागा मोजक्या. दुसरी वाट भाषांतराची. बायबल सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांना भाषांतर करणारी आणि तपासणारी माणसं लागतात. पैसा बेताचाच, पण काम खरं आहे.

त्या कामाची रीत मुलीला जवळून पाहू द्या. मसुदा झाला की मूळ भाषा जाणणारा तो मुळाशी ताडून बघतो. मग तो उतारा कधीच न वाचलेल्या माणसाला वाचून दाखवतात आणि विचारतात, काय कळलं, कोण कुणाला काय म्हणालं? उत्तर चुकलं तर वाक्य पुन्हा लिहायचं, ऐकणाऱ्याला दोष द्यायचा नाही. इथे ग्रीक व्याकरणाइतकीच मराठी लागते. माझ्या मते थोडी जास्तच लागते.

आता मार्कचं प्रकरण. तिची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. चौथ्या शतकातली दोन प्रसिद्ध हस्तलिखितं, सायनायटिकस आणि व्हॅटिकनस, १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीवर थांबतात. ९ ते २० या ओव्या नंतरच्या बहुतेक हस्तलिखितांत आहेत. म्हणून हल्लीच्या अनेक आवृत्त्या त्या कंसात किंवा तळटीप देऊन छापतात. पण हा प्रश्न कोणता पाठ, म्हणजे कोणत्या हस्तलिखितातला मजकूर, घ्यायचा याचा झाला. ज्यांनी जुनं भाषांतर केलं, त्यांनी समोर होता तो पाठ मराठीत आणला. त्याला चुकीचं भाषांतर म्हणणं म्हणजे दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत भरणं. ग्रीक शिकायला लागलेल्या पहिल्या वर्षातल्या मुलांना ही खोड असतेच, ती जाते.

शिकवायचंच असेल तर तिने फळ्यावर अल्फा-बीटा लिहून सुरुवात करू नये. लोक २४ अक्षरं गिरवतात, चार शब्द पाठ करतात आणि त्या जोरावर पाळकांच्या प्रवचनात चुका काढू लागतात. त्यापेक्षा प्रत्येकाला आपापलं बायबल उघडायला सांगावं. एकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे सोप्या मराठीतली, शेजारच्या कॅथलिक मैत्रिणीकडे रोमन लिपीतल्या कोकणीतलं. तिच्या बायबलात ७३ पुस्तकं, तुमच्या ६६, यावरही छान बोलणं होईल. कुठे फरक पडतो ते लोकांनीच शोधावं, तळटीप त्यांनीच मोठ्याने वाचावी. मग ग्रीक कशाला लागतं ते सांगावं लागत नाही. आणि तुमच्या आईंना जुन्या आवृत्तीतलीच स्तोत्रं तोंडपाठ असणार. प्रार्थनेला ती आवृत्ती राहू द्या, अभ्यासाला नवी घ्या. घरात दोन बायबलं नांदायला काहीच हरकत नाही.

गोव्यात राहून तिने एक गोष्ट विसरू नये. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १५७९ मध्ये इथे आला. नव्या ख्रिस्ती लोकांसाठी त्याने बायबलची कथा मराठी ओवी छंदात रचली, ती १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला छापली गेली. ते भाषांतर नव्हे, पण परक्या माणसाने आमच्या ओवीवर किती मेहनत घेतली असेल बघा. पंडिता रमाबाईंचं उलट. संस्कृत घरचंच, तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत त्या कामात होत्या. आणि हे सगळं साध्या, न शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. मुलीला आदर्श हवा असेल तर यूट्यूबवरच्या अमेरिकन शिक्षकापेक्षा या बाई बऱ्या.

म्हणून माझा सल्ला: आधी एम.ए. मराठीसाठी गोवा विद्यापीठ घरापासून लांब नाही. भाषाविज्ञान हवं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. जोडीला प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यावी, म्हणजे उद्या मंडळीच्या कमिटीची मर्जी फिरली तरी कॉलेजात शिकवण्याची वाट उघडी राहील. बी.डी.ची पदवी सरकारी नोकरीत किंवा कॉलेजात कुठे चालते, हे गृहीत धरू नका, जिथे अर्ज करायचा तिथून लेखी घ्या. एम.ए.च्या दोन वर्षांत ग्रीक चालू ठेवावं. योहानाचं पहिलं पत्र शब्दकोश जवळ ठेवून, भाषांतराकडे न बघता वाचता आलं, तर हिब्रूला हात घालावा. जुन्या करारातल्या दानीएल आणि एज्रा या पुस्तकांच्या काही भागांपुरती अरामी भाषाही लागते, पण ते पुढचं.

तेवढ्यानंतरही ओढ टिकली तर पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची (पदव्या देणाऱ्या मंडळाची) बी.डी. तिथे करता येते, मुलींनाही. फक्त अशा प्रवेशाला सहसा मंडळीचं शिफारसपत्र लागतं, आणि त्यावर सही पाळकसाहेबांची. तेव्हा अर्जाची वाट न बघता तिने या रविवारीच त्यांना भेटून मार्कबद्दल पुन्हा एकदा, या वेळी चारचौघांत नाही, बोलून घ्यावं.