प्रादेशिक व्यापारगटांमुळे विकसनशील देशाचा व्यापार खरोखर सुधारतो का?

आपला प्रश्न असा आहे की, भारतासारखा विकसनशील देश सार्क (दक्षिण आशियातील देशांचा गट) किंवा आसियान (आग्नेय आशियातील देशांचा गट) यांसारख्या गटांत वा गटांशी करार करतो तेव्हा त्याचा व्यापार खरोखर सुधारतो का, आणि आसियानशी वाढत गेलेली तूट, म्हणजे निर्यातीहून जास्त झालेली आयात, हे अपयशाचे लक्षण मानावे का. मी गेली बावीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागमधील फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या लहान कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रे तयार करतो, आणि चिकोडी तालुक्यात आमची थोडी सोयाबीनची शेती आहे. त्यामुळे या करारांची निर्यातीची बाजू मी टेबलावर पाहतो आणि आयातीची बाजू बाजार समितीच्या आवारात. या दोन्हींवरून माझे मत असे झाले आहे की, नुसत्या तुटीवरून काहीच कळत नाही. गटातून कोणता माल आत येतो, त्याचे पुढे काय होते आणि आपला माल सीमेवर किती अडतो, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

सार्कपासून सुरुवात करतो, कारण तेथील अनुभव सर्वांत निराशाजनक आहे. सार्क देशांमधील मुक्त व्यापाराच्या साफ्टा करारावर जानेवारी 2004 मध्ये इस्लामाबादला सह्या झाल्या आणि तो 1 जानेवारी 2006 पासून लागू झाला. इतक्या वर्षांनंतरही दक्षिण आशियातील देशांचा परस्परांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या 5 टक्क्यांच्या आसपासच आहे. आसियानमध्ये हेच प्रमाण पाचव्या हिश्शाहून अधिक आहे आणि युरोपीय संघात निम्म्याहून अधिक. शुल्क कमी झाले नाही म्हणून असे झाले, असे म्हणता येत नाही. भारताने 2011 मध्ये अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची आपली संवेदनशील यादी, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या वस्तूंची यादी, 480 वस्तूंवरून 25 वस्तूंवर आणली आणि बांगलादेशाच्या तयार कपड्यांना त्याचा चांगला लाभ झाला.

मग अडले कुठे, हे आम्हा सीमाभागातील लोकांना समजावून सांगण्यासाठी मी नेहमी कोगनोळीचे उदाहरण देतो. निपाणी सोडून कागलकडे जाताना कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर लागणाऱ्या त्या नाक्यावर सीमाशुल्क कधीच नव्हते. देश एकच, चलन एकच, दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसे. तरीही विक्रीकराच्या तपासणीसाठी ट्रकांच्या रांगा लागत. बेळगावचे कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूरला वेळेवर पोचवायचे तर बिल, डिलिव्हरी चलान आणि कराचा फॉर्म यांत एका आकड्याचीही तफावत चालत नसे, आणि केंद्रीय विक्रीकराच्या सवलतीसाठी ग्राहकाकडून सी फॉर्म मिळवताना महिनेच्या महिने जात. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, विक्रीकराचे नाके उठले आणि तोच रस्ता, तोच ट्रक, तोच चालक असताना फेरीचा वेळ घटला. एकाच देशातील दोन राज्यांच्या सीमेवर हे होत असेल, तर भारत आणि बांगलादेशामधील पेट्रापोल–बेनापोलसारख्या सीमेवर काय होत असेल याची कल्पना करावी. तेथे भारतीय ट्रकमधील माल पलीकडे जाऊन बांगलादेशी ट्रकमध्ये चढवावा लागतो. भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी 2015 मध्ये थिंफूला मोटार वाहन करार केला, पण भूतानने त्याला मान्यता दिली नाही. त्यात राजकारणाची भर पडते. फेब्रुवारी 2019 मध्ये भारताने पाकिस्तानच्या मालावर 200 टक्के शुल्क लावले, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. आणि 2025 मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीवरील वाट बंद केली, तर भारताने बांगलादेशी कपडे केवळ कोलकाता आणि न्हावा शेवा या दोन बंदरांतूनच येतील असे ठरवले. कोणता मार्ग उद्या चालू असेल याची खात्री नसेल तर कोणी कारखानदार त्या मार्गाच्या भरवशावर यंत्रे बसवत नाही.

आसियानची गोष्ट वेगळी आहे. वस्तुव्यापाराचा करार 2009 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. 2010-11 मध्ये आसियानशी आपली तूट सुमारे 5 अब्ज डॉलर होती. 2022-23 मध्ये ती सुमारे 43 अब्ज डॉलर झाली. निर्यात वाढली, पण आयात तिच्याहून खूपच वेगाने वाढली. याचे एक कारण मी रोज पाहतो: सवलत कागदावर आहे, ती पदरात पाडून घेणे लहान कारखान्याला जमत नाही. सवलतीसाठी फॉर्म एआय हे उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी मालाच्या किमतीत किमान 35 टक्के मूल्य येथले किंवा आसियानमधले असावे लागते आणि बाहेरून आयात केलेल्या कच्च्या मालाचा सहा अंकी शुल्क-कोड तयार मालात बदललेला असावा लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका कारखान्याने थायलंडला हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या मशीनिंग केलेल्या बॉड्या पाठवल्या. आम्ही त्या व्हॉल्व्हचे सुटे भाग म्हणून 8481 या शुल्क-कोडाखाली दाखवल्या. तिकडच्या अधिकाऱ्याने त्या लोखंडी कास्टिंग म्हणजे 7325 ठरवल्या आणि प्रमाणपत्र फेटाळले. ग्राहकाने पूर्ण शुल्क भरले आणि तेवढी रक्कम आमच्या पुढच्या बिलातून वजा केली. त्या कारखानदाराने त्यानंतर सवलत मागणेच सोडून दिले. किमतीचा तक्ता मांडायला चार दिवस, एका पुरवठादाराचे घोषणापत्र मिळवायला आठवडा आणि शेवटी नकार, हे परवडत नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि मला त्याला उत्तर देता आले नाही.

तरीही तूट म्हणजे अपयश, असे मी म्हणणार नाही, आणि येथे व्हिएतनामकडे पाहावे. हा देश 1995 मध्ये आसियानमध्ये आला, 2007 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आणि त्यानंतर मोठमोठ्या करारांत. आसियान, चीन आणि दक्षिण कोरिया यांच्याशी त्याची तूटच आहे. परंतु तेथून येणारे सुटे भाग, कापड आणि रसायने कारखान्यांत जातात आणि तयार माल होऊन अमेरिकेत व युरोपात विकले जातात. अमेरिकेशी व्यापारात मात्र त्याची निर्यात आयातीहून प्रचंड जास्त आहे. गट हा त्याच्यासाठी कच्च्या मालाचे कोठार आहे, बाजारपेठ दुसरीकडे आहे.

याच कसोटीवर आपली आयात तपासली की चांगले आणि वाईट वेगळे करता येते. उद्यमबागमधील कारखानदार बाहेरून सील किंवा बेअरिंग आणतो आणि त्यांसह व्हॉल्व्ह बनवून विकतो, तेव्हा त्या आयातीने येथील कामगाराला काम मिळते. खाद्यतेलाचे मात्र तसे नाही. इंडोनेशिया आणि मलेशियातून येणारे पामतेल आमच्या सोयाबीनशी थेट स्पर्धा करते. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के आणि शुद्ध तेलावरील 12.5 वरून 32.5 टक्के केले. त्यानंतर नेपाळातून शुद्ध सोयाबीन तेलाची आवक भराभर वाढली. नेपाळात एवढे सोयाबीन पिकतच नाही. कच्चे तेल बाहेरून आणून, तेथे शुद्ध करून, अल्पविकसित शेजाऱ्याला मिळणाऱ्या शून्य शुल्काने ते भारतात आले, आणि खाद्यतेल उद्योगाच्या संघटनांनी त्याबद्दल तक्रारी केल्या. श्रीलंकेबाबत हेच 2000 नंतरच्या दशकात वनस्पती तुपाच्या रूपाने घडले होते. 2024 च्या त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि आमची पोती 4200 च्या आसपास गेली. अडत्याने ओलावा मोजायचे यंत्र पोत्यात खुपसले, आकडा पाहिला आणि आणखी पन्नास रुपये कमी केले. तेलाचा हा आडमार्ग हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते. जगभर पीक भरपूर होते आणि इथेनॉल कारखान्यांच्या स्वस्त पेंडीने सोयापेंडीचा उठाव घटला होता. पण शुल्कवाढीचा जो थोडा आधार मिळायचा होता, तो त्या आडमार्गाने पोखरला गेला, याबद्दल मला शंका नाही. नेपाळला सवलत देण्यास माझा विरोध नाही. तेथील चहा, वेलची, आले खुशाल शून्य शुल्काने यावे. विरोध आहे तो नेपाळच्या नावावर तिसऱ्याच देशाचा माल येण्याला. सप्टेंबर 2020 पासून मालाच्या उत्पत्तीची माहिती आयातदाराने स्वतः बाळगावी असा नियम आहे. ती माहिती लहान निर्यातदाराकडून आम्ही मागतो तितक्याच काटेकोरपणे तेल आयातदाराकडून मागितली जावी.

राहिला आरसेपचा, म्हणजे आसियान, चीन, जपान आदी देशांच्या मोठ्या व्यापारकराराचा मुद्दा. 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकमध्ये भारत त्यातून बाहेर पडला आणि इतर 15 देशांनी पुढच्या वर्षी सह्या केल्या. दूध आणि तेलबियांसाठी तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. कारखान्यांसाठी त्याची किंमत मात्र आहे, कारण त्या 15 देशांपैकी कोठलाही सुटा भाग एकाच गटातला म्हणून मोजला जातो आणि बेळगावची बॉडी परक्या मालात धरली जाते. ऑगस्ट 2023 मध्ये आसियान कराराचा फेरविचार करण्याचे दोन्ही बाजूंनी ठरवले आहे. त्यात शुल्काच्या याद्यांवर जितकी घासाघीस होईल तितकाच वेळ दोन गोष्टींना दिला जावा असे मला वाटते: तिसऱ्या देशाचा माल ओळखण्याची कडक पडताळणी, आणि 8481 की 7325 असा वाद उभा राहिला तर ग्राहकाकडून पूर्ण शुल्क वसूल करण्याआधी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी ठरावीक दिवसांत तो मिटवण्याची बंधनकारक तरतूद.