अटारीचं फाटक आणि तासगावचा बेदाणा

प्रश्न : काका, तासगावजवळ आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. बहुतेक माल बेदाण्यालाच जातो. सुट्टीत आम्ही अमृतसरला गेलो होतो, अटारी-वाघा सीमेवरचा संध्याकाळचा ध्वजसोहळा पाहिला. रिक्षावाला म्हणाला, सीमेवरचा व्यापार थांबल्यापासून शहराची रया गेली. पण हॉटेलं भरलेली, सुवर्णमंदिराबाहेर पाय ठेवायला जागा नाही. शिवाय अफगाणी माल आला नाही तर आमच्या बेदाण्याला दोन पैसे जास्तच मिळतील. मग हे फाटक बंदच बरं, नाही का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला वाशीच्या मसाला बाजारात कितीतरी बागायतदारांनी विचारलाय. तीस वर्षं तिथल्या पेढीवर सुकामेव्याची खरेदी मी पाहत होतो, त्यामुळे अमृतसरची मजीठ मंडी माझ्या पायाखालची. मजीठ म्हणजे आपली मंजिष्ठा, कापड रंगवायची मुळी. अफगाणिस्तानातून ती इथे उतरायची, तिचंच नाव बाजाराला पडलं. गुरू रामदासांनी सोळाव्या शतकात हे शहर वसवताना बावन्न धंद्यांची माणसं आणून बसवली असं तिथले लोक सांगतात. यात्रेकरू येण्याजोगं शहर आणि व्यापाऱ्यांचं शहर, दोन्ही एकदमच उभं राहिलं. लाहोर तिथून पन्नास किलोमीटर. १९४७ पर्यंत दोन्हीकडच्या बाजारांचं रोजचं येणंजाणं होतं.

तुम्ही गॅलरीत बसून जे फाटक पाहिलंत, त्याच्या जवळच मालाचं आवार आहे. एकात्मिक तपासणी नाका, एप्रिल २०१२ मध्ये सुरू झालेला, देशातला पहिला. ते आवार पाहायला कुणी जात नाही. मी गेलो एप्रिल २०१५ मध्ये. पंजाबातल्या घुमानला साहित्य संमेलन होतं. नामदेवांच्या गावी डोकं टेकवलं आणि तसाच अटारीला गेलो. पलीकडचा ट्रक आत यायचा, माल उतरायचा, तपासणी व्हायची, मग तो आपल्या ट्रकमध्ये चढायचा. हे उतरवणं-चढवणं सगळं हमालांच्या पाठीवर. चौदाशेहून जास्त नोंदणीकृत हमाल, बहुतेक अटारी, रोडांवाला अशा शिवेवरच्या गावांतले. २००७ मध्ये ट्रक थेट येऊ लागले, त्याआधी तर सीमेच्या रेषेवर इकडच्या हमालाच्या डोक्यावरचं ओझं तिकडच्याच्या डोक्यावर जायचं. त्या दिवशी खारीक, सिमेंट, सैंधव आणि अंजिराच्या माळा उतरताना मी पाहिल्या.

हे सगळं काम टप्प्याटप्प्याने गेलं. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. राहिला तो पाकिस्तानातून येणारा अफगाणी माल. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये नाकाच बंद झाला. अडकलेल्या १६० अफगाणी ट्रकांना पुढच्या महिन्यात खास परवानगी दिली, एवढंच. ज्यांची माणसं मारली गेली त्यांच्यासमोर अंजिराचा हिशेब मांडायला माझी जीभ रेटत नाही. सुरक्षेचा निर्णय सरकारने घ्यायचा असतो, तो त्यांनी घेतला. पण त्याची किंमत कुणी मोजली, हे तरी आपल्याला ठाऊक असावं.

हॉटेल भरलं म्हणून रोडांवालाच्या हमालाला काम मिळत नाही. पोत्यामागे पैसे मिळवणारा माणूस पर्यटकाला काय विकणार? त्याच्याबरोबर कस्टमचे कागद करणारा, ट्रकमालक, गोदामवाला, ढाबेवाला, सगळेच बसले. ओळखीचा एक हमाल आता भाजीमंडईत जातो. तिथे आधीच माणसं जास्त, काम कमी.

आता तुमच्या बेदाण्याचं. अटारी बंद झाल्याने अफगाणी माल थांबत नाही, ताई. तो इराणच्या बंदरावरून जहाजाने गुजरातच्या मुंद्र्याला आणि आपल्या न्हावाशेवाला येतो. जून २०१७ पासून विमानानेही येऊ लागला, पहिल्या खेपेत बहुतेक हिंगच होता. म्हणजे तुमचा स्पर्धक रस्ता बदलून, आणखी जवळ, तुमच्याच राज्यातल्या बंदरात उतरतो. त्याला भाव परवडतो तो शुल्कातल्या सवलतीमुळे. अफगाणिस्तान अल्पविकसित देश म्हणून दक्षिण आशियाच्या व्यापार करारात त्याला ती मिळते. दुसऱ्याच देशाचा बेदाणा अफगाणी म्हणून येतो, ही आपल्या बागायतदारांची तक्रारही मला रास्त वाटते. मग भांडायचं ते मूळ देशाच्या दाखल्याची कडक तपासणी व्हावी म्हणून. तुमच्या संघटनेने हीच मागणी धरावी, अगदी लेखी. कोणत्या रस्त्याने माल यावा यात आपली शक्ती घालवू नका.

तुमच्या घरातही फाटकाची झळ आलेली आहे. २०१९ मध्ये खारकेचा भाव चढला तो आठवतोय? आपल्याकडची बरीचशी खारीक सिंधमधून यायची. लेकीच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू करताना माझी बायको वाणसामानाची यादी दोनदा खोडत होती.

आणि एक सांगायचंच आहे. मजीठ मंडीत, अफगाणी जर्दाळूच्या पेट्यांशेजारी, तासगावचे पंधरा किलोचे बॉक्स मी स्वतः पाहिलेत. तिथला दुकानदार दोन्ही माल ठेवतो, कारण हलवायाला आणि घरगुती गिऱ्हाइकाला वेगवेगळा लागतो. अफगाणी माल येत होता तेव्हा आसपासच्या गावांतले किरकोळ दुकानदार त्यासाठी मंडीत यायचे आणि जाताना तुमचे दोन बॉक्सही गाडीत टाकायचे. अमृतसरला पुन्हा जाल तेव्हा ध्वजसोहळ्याआधी सकाळी त्या गल्लीत चक्कर मारा, आणि तासगावहून आलोय म्हणून सांगा. चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत.